पिक्चर कानांनी कसा बघायचा

लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाठवणीला गाडीचं दार उघडलं म्हणून लगेच सूर धरायचा नाही. नवरी आईच्या गळ्यात पडेपर्यंत थांबायचं. आधीच वाजवलं तर आत्या-मावश्या नुसत्या बघत राहतात. नेमकं वाजवलं तर दिवसभर गुरगुरणारा मामासुद्धा उपरणं डोळ्याला लावतो. पिक्चरवाले हेच करतात. म्हणून पार्श्वसंगीत पकडायचं असेल तर चाल नंतर बघा, आधी ते कधी आलं आणि कधी गेलं ते बघा.

मोबाइलच्या स्पीकरवर हे जमत नाही. भीतीच्या प्रसंगात खाली जो खर्ज घुमत असतो तो एवढ्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही, आणि आपण म्हणतो पिक्चरात दम नव्हता. साधा वायरवाला हेडफोन चालतो. टीव्हीवर बघणार असाल तर कूलर बंद करा. आमच्या अंबाजोगाईत मे महिन्यात असं म्हणणं म्हणजे घरात भांडण लावणं, पण दहा मिनिटांचाच प्रश्न आहे.

आधी बघितलेल्या पिक्चरमधला चार-पाच मिनिटांचा प्रसंग घ्या. गाणं नको. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून नुसतं ऐका, मग कागद-पेन घेऊन दोन्ही. संगीत शिरलं आणि निघालं ती वेळ लिहा, त्या क्षणी पडद्यावर काय होतं तेही लिहा. पुष्कळदा ते माणूस बोलायच्या आधीच, त्याच्या नुसत्या नजरेवर सुरू झालेलं सापडेल.

आवाज बंद करून काय जातं हे कळायला ‘सायको’मधला (१९६०) न्हाणीघराचा प्रसंग बघा. दिग्दर्शक हिचकॉकला तिथं संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या लिहिल्या, आणि ऐकल्यावर हिचकॉकनं ठेवल्या.

आता विचारा, हे वाजतंय ते पडद्यावरच्या माणसांना ऐकू येतंय का? वरातीतली हलगी अख्ख्या गावाला ऐकू येते. बांधावर एकट्या बसलेल्या नायकामागचं व्हायोलिन फक्त आपल्याला. कधी वरात संपते, माणूस घरी येऊन एकटा बसतो, तरी हलगी चालूच असते. अशी जागा सापडली की मागं जाऊन पुन्हा ऐका.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली पिक्चरात (१९५५) हरिहर घरी परततो आणि लेक दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. दुर्गा वारली आहे, हे त्याला माहीत नाही. सर्वजया फुटते, पण तिचं रडणं ऐकू येत नाही. तिथं तारशहनाई वाजते. गजानं वाजवायचं, कर्णा बसवलेलं तंतुवाद्य ते. संगीत रविशंकरांचं. मी ती जागा कीबोर्डवर काढायला बसलो की दोन सुरांतच हात काढून घेतो, प्लॅस्टिक वाटतं.

सगळ्यात अवघड म्हणजे शांतता ऐकणं. ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुलनी अमेरिकेत सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवला. ‘झिंगाट’ झाल्याशिवाय आमच्याकडं वरात हलत नाही, आम्ही वाजवून वाजवून विटलोय. आणि शेवटी बघा: लेकरू रक्तात पाय भरून दारातून बाहेर येतं, तोंड उघडून रडतंय, आणि आवाज नाही. थिएटरात मागून कुणीतरी ‘ए, आवाज’ म्हणून ओरडायला लागला, अन् अर्ध्यातच गप्प झाला. त्या शेवटाखाली दुसऱ्या मोबाइलवर एखादी करुण धून लावून बघा. मी लावली होती. बायको आतून म्हणाली, “बंद करा ते, लई खोटं वाटायलंय.”

फक्त नव्या पिक्चरला पहिल्याच दिवशी कागद-पेन घेऊन बसू नका. तिकिटाचे पैसे वाया जातात, अन् शेजारचाही वैतागतो.