ब्राउझरमध्ये व्हिडिओ अडतोय? ऑफिसच्या लॅपटॉपवर या चुका टाळा

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हिडिओ नीट चालेनासा झाला की तीन सल्ले ठरलेले: कॅशे साफ कर, हार्डवेअर अॅक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी ब्राउझरची सेटिंग) बंद कर, नाहीतर विंडोज नव्याने टाक. यातलं काहीही करण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. व्हिडिओ कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून लहान करण्याच्या कोणत्या पद्धतीत आहे, आणि तो उलगडण्याचं (डिकोडिंगचं) काम ग्राफिक्स चिप करतेय की प्रोसेसर?

हे शोधणं अवघड नाही. क्रोम किंवा एजमध्ये एफ१२ दाबा, ‘मोअर टूल्स’मधून ‘मीडिया’ उघडा आणि व्हिडिओ सुरू करा. तिथे कोडेकचं नाव आणि ‘हार्डवेअर डिकोडर’समोर ट्रू किंवा फॉल्स दिसतं. डिकोडरच्या नावात एफएफएमपेग किंवा डेव्हवनडी असेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख असतो. चिप काम करत असेल तर तो हलतो.

अडखळणं म्हणजे नेट स्लो, असं धरून चालणं

यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ लावा. बफर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला भाग, शून्याकडे जात असेल तर नेटचा दोष. बफर भरलेला आहे आणि तरी ‘ड्रॉप्ड’, म्हणजे गाळलेल्या, फ्रेम वाढतायत, तर वायफायवाल्याला फोन करू नका.

अशा वेळी कोडेकच्या ओळीत बहुतेकदा एव्ही०१ दिसतं. हा एव्ही१ कोडेक २०१८ मधला. इंटेलच्या लॅपटॉप चिपमध्ये त्याचं हार्डवेअर डिकोडिंग अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून आलं. कंपन्यांत आणि रिफर्बिश्ड बाजारात आठव्या पिढीचे लॅपटॉप आजही भरपूर आहेत. ते जुना व्हीपी९ कोडेक आरामात चालवतात, पण एव्ही१ आला की पंखा ओरडायला लागतो. यूट्यूबच्या ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’ सेटिंगमध्ये एव्ही१ फक्त एसडीसाठी असा पर्याय आहे, तो निवडा. एच.२६४ हा आणखी जुना कोडेक सक्तीने लावणारी एक्स्टेन्शनही मिळतात. पण यूट्यूबवर एच.२६४ साधारण १०८०पीच्या वर जात नाही, आणि ऑफिसच्या मशीनवर कुठलंही एक्स्टेन्शन टाकण्याआधी आयटीला विचारलेलं बरं.

अॅक्सिलरेशन बंद करून विसरून जाणं

सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला हाच, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळही यानेच होतो. चाचणी म्हणून तो ठीक आहे. चित्र हिरवं पडत होतं, लुकलुकत होतं आणि अॅक्सिलरेशन बंद केल्यावर थांबलं, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरकडे आहे एवढं कळतं. मग ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्यावा आणि अॅक्सिलरेशन परत चालू करावं. ते बंदच ठेवलं तर मीटिंग, व्हिडिओ, स्क्रोलिंग सगळंच प्रोसेसरवर येतं, बॅटरी लवकर उतरते, आणि क्रोममध्ये एचईव्हीसी (एच.२६५) कोडेकचा व्हिडिओ मुळी लागतच नाही.

कधी ही सेटिंग करड्या रंगात अडकलेली दिसते. अॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम://पॉलिसी’ उघडून बघा. कंपनीने धोरणाने ती बंद केली असेल तर तुमच्या हातात काही नाही.

आवाज येतो, चित्र काळं

हे लक्षण दिसलं की पहिला संशय एचईव्हीसीवर, म्हणजे एच.२६५वर घ्यावा. क्रोमने त्याला २०२२ मध्ये आवृत्ती १०७ पासून सोय दिली, पण फक्त हार्डवेअरमार्फत. चिपने नकार दिला की क्रोम सॉफ्टवेअरने प्रयत्न करत बसत नाही. म्हणूनच तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते आणि ब्राउझरमध्ये काळी दिसते. लोक इथे ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करतात, काहीही बदलत नाही. एजची तऱ्हा वेगळी आहे, त्याला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईव्हीसी एक्स्टेन्शन लागतं. क्रोमला ते लागत नाही.

आता खरा मासलेवाईक प्रकार. इंटेलच्या चिपमध्ये एचईव्हीसी डिकोडर सहाव्या पिढीपासून, २०१५ पासून आहे. तरीही एचपी आणि डेल यांनी काही मॉडेलांत तो बंद करून लॅपटॉप विकल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. त्यात एचपीच्या प्रोबुक ४६० जी११सारखे खास ऑफिससाठीचे लॅपटॉपही होते. एचईव्हीसीच्या पेटंटसाठी नगामागे रॉयल्टी मोजावी लागते, हे सोबत लक्षात घ्या. चिपमध्ये असलेली सोय बंद करायची आणि ते डेटाशीटच्या (मॉडेलच्या तपशीलपत्राच्या) बारीक अक्षरांत सांगायचं, ही रीत मला पटत नाही. पण आपलं मॉडेल त्यात असेल तर ड्रायव्हरमागे धावून आयटीचा आणि स्वतःचा वेळ घालवू नका. आधी डेटाशीट वाचा.

यूट्यूब ब्राउझरला एचईव्हीसी देत नाही, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं आणि गोंधळ वाढतो. फटका बसतो तो सीसीटीव्हीला. एनव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, पान उघडलं की सगळे चौकोन काळे, कारण कॅमेरे एच.२६५वर लावलेले. बहुतेक कॅमेऱ्यांना सब-स्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाची दुसरी स्ट्रीम, असते, ती एच.२६४वर ठेवा. रेकॉर्डिंग एच.२६५मध्ये चालू राहतं, म्हणजे डिस्कही वाचते. आयफोनवरून आलेल्या फाइलींचाही हाच त्रास. कॅमेरा सेटिंगमधल्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवलं की पुढचे व्हिडिओ एच.२६४मध्ये येतात.

डॉक आणि रिमोट डेस्कटॉप विसरणं

डिस्प्लेलिंक तंत्रावर चालणारा यूएसबी डॉक (बाहेरचे मॉनिटर जोडायचं उपकरण) पडद्यावरचं चित्र प्रोसेसरकडून कॉम्प्रेस करून घेतो. डॉक काढून लॅपटॉपच्याच स्क्रीनवर एकदा व्हिडिओ लावून बघा. रिमोट डेस्कटॉपमधून व्हिडिओ बघत असाल तर आधी थेट मशीनवर बघा, मगच तक्रार करा. स्क्रीन अचानक गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेलं काम तसंच राहतं.

एवढं करूनही सुटलं नाही तर आयटीला नुसतं ‘व्हिडिओ चालत नाही’ असं कळवू नका. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, ब्राउझरची आवृत्ती, कोडेकचं नाव, हार्डवेअर डिकोडरसमोरचं ट्रू की फॉल्स, आणि तीच फाइल व्हीएलसीत चालते का, हे लिहा. ‘क्रोम://जीपीयू’ पानावरचा अहवाल सोबत जोडा.