मारुती ८०० चा ब्लॉक बदलताना जुने पार्ट नव्या ब्लॉकमध्ये कसे बसवायचे

७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ब्लॉकला (इंजिनाचा मुख्य सांगाडा) तडा गेला पण क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा), रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) चांगले असतील तर दुसरा ब्लॉक आणून तेच घालता येतात, फक्त घाई करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी झाकणं) नव्या ब्लॉकच्याच वापरायच्या, जुन्या ब्लॉकच्या अजिबात नाही, कारण कंपनीत कॅप लावूनच क्रँक बसायचं भोक मारलेलं असतं, दुसरी कॅप लावली की क्रँक जाम. रॉडच्या कॅपचंही तसंच, ज्याची त्यालाच, खोलतानाच मार्करने नंबर टाका.

सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ६८.५ मिमी स्टँडर्ड आहे, लेथवाल्याकडून मोजून घ्या, ओव्हरसाईज (आधीच मोठा केलेला) निघाला तर जुने पिस्टन चालणार नाहीत. होनिंग (बोअर आतून दगडाने घासणं) झाल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा, मग पांढरं फडकं तेल लावून बोअरमधून फिरवा, काळं आलं तर परत धुवा. मी चौथ्यांदा पुसलं तेव्हा कुठे फडकं स्वच्छ आलं, आणि घासल्याची ती काळी भुकटी राहिली असती तर पिस्टनच्या नव्या रिंगांची वाट लागली असती.

बेअरिंगचे नवीन शेल (कॅपच्या आत बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) इंजिन ऑईल लावून बसवा, पिस्टनवरचा बाण पुलीच्या बाजूला. प्रत्येक कॅप टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना) टाईट केली की क्रँक हाताने फिरवून बघा. जड वाटला तर तिथेच थांबा, तीच कॅप परत खोला.