काळप्रवाशाचं पत्र प्रेक्षकांना वाचून दाखवताय? या चुका टाळा

५ नोव्हेंबर, म्हणजे मराठी रंगभूमी दिन जवळ आला की हौशी संस्थांमध्ये एक कल्पना निघते : जुन्या काळात जाऊन आलेल्या माणसाचं पत्र नाटकाआधी प्रेक्षकांना वाचून दाखवायचं. कल्पना सुंदर आहे. तरी पुष्कळ पत्रं दुसऱ्या मिनिटाला पडतात.

मोठी चूक म्हणजे एकाच पत्रात सगळा इतिहास कोंबणं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे, १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल', मग पुढचं, त्याच्या पुढचं... लोक चुळबुळ करू लागतात. एकच रात्र धरा. मी ८ जुलै १९२१ धरली होती. मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'मानापमान' या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग, म्हणजे 'संयुक्त मानापमान'. एरवी चुरशीने चालणाऱ्या दोन नाटक कंपन्यांचे प्रमुख नट त्या रात्री एकाच रंगमंचावर : बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर.

रात्र ठरली की तपशील तपासा. माझ्या पहिल्या खर्ड्यात खुद्द लोकमान्य पुढच्या रांगेत बसले होते! तालमीत एका ज्येष्ठ नटाने हळूच विचारलं, "अरे, फंड कुणाच्या नावाचा?" टिळक १ ऑगस्ट १९२० लाच गेले होते. माइकचंही तेच; खर्ड्यात तो होता, त्या रंगमंचावर नव्हता. तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो नटाचा गळाच. प्रवाशाला तिथे बसून कानावर हेच आधी जाणवेल, म्हणून पत्राची सुरुवात आवाजापासून करा.

पत्र कोरडं वाटत असेल, तर प्रवाशाला जे ठाऊक आहे ते बहुधा तुम्ही वापरलेलंच नाही. त्या रात्री वन्समोअर मागणाऱ्यांना कल्पना नव्हती की ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव जाणार आहेत. प्रवासी मात्र हे मनात घेऊन खुर्चीत बसलाय. सुरुवातीलाच सांगितलंत तर त्याची बातमी होते. मी ते शेवटाकडे नेलं : "सगळे टाळ्या वाजवत होते. माझे हात उठेनात. येणारी दिवाळी त्यांना दिसणार नव्हती, आणि ते गात होते." सभागृह गप्प झालं. ती शांतता मला अजून आठवते.

'तुम्ही मोबाइल बघता, ते लोक पहाटेपर्यंत बसायचे' असले टोमणे तर काढूनच टाका. समोर बसलेला माणूस तिकीट काढून आलाय, त्याला पत्र आपुलकीचं हवं.

लांबी दोन-अडीच मिनिटं, वाक्यं छोटी. पत्र पाठ म्हणू नका; कागद हातात दिसू दे, तो उलगडल्याचा आवाजही ऐकू येऊ दे. आणि शेवटचं वाक्य झालं की निवेदकाला मध्ये येऊ न देता लगेच नाटक सुरू करणारी तिसरी घंटा द्या.