वसाहतकाळातलं अमेरिकी वर्तमानपत्र कसं वाचावं? सुरुवात जाहिरातींपासून

स्वातंत्र्ययुद्धापूर्वी अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत माणसं रोजचं आयुष्य कशी जगत होती, हे पाहायचं असेल तर ‘व्हर्जिनिया गॅझेट’ उघडा. १७३६ साली व्हर्जिनिया वसाहतीतल्या विल्यम्सबर्गमध्ये सुरू झालेल्या या साप्ताहिकाचे अंक कलोनिअल विल्यम्सबर्ग संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. १७६६ पासून याच नावाची दोन पत्रं त्याच गावात निघू लागली. त्यामुळे टिपण काढताना तारखेसोबत मुद्रकाचं नावही लिहून ठेवा.

अंक १७५२ च्या आधीचा असेल तर साल तपासा. तोवर ब्रिटिश अंमलात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारीच्या अंकावर मागचं साल असू शकतं. छपाईतला ‘एस’ पुष्कळदा ‘एफ’सारखा दिसतो. थोडं वाचलं की डोळा सरावतो.

लंडनहून जहाजाने आलेल्या, कित्येक आठवडे शिळ्या बातम्या तूर्त बाजूला ठेवा आणि थेट जाहिरातींकडे वळा. दुकानात आलेलं कापड, हरवलेला घोडा, विकायची जमीन, आणि पळून गेलेले गुलाम. या शेवटच्या जाहिराती सर्वांत सावकाश वाचा.

उदाहरणार्थ, सप्टेंबर १७६९ मधली, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांची जाहिरात घ्या. सँडी नावाचा, सुमारे ३५ वर्षांचा गुलाम पळाला आहे. तो चांभारकाम करतो, तेही मुख्यतः डाव्या हाताने. जाडंभरडं सुतारकामही त्याला येतं. सोबत पांढरा घोडा आणि चांभारकामाची हत्यारं नेली आहेत.

आता दोन रकाने करा. एकात मालकाची मतं टाका: सँडी दारुडा, शिवराळ, लबाड. दुसऱ्यात त्याने केलेल्या गोष्टी. दुसरा रकानाच खरा बोलतो. हत्यारं घेऊन निघालेल्या माणसाने पुढे पोट कसं भरायचं याचा विचार केलेला होता. मालकाने त्याला पकडण्यासाठी छापलेल्या मजकुरातूनच त्याचं कसब आणि धाडस आपल्यापर्यंत पोचतं. अशा हजारो माणसांबद्दल दुसरं काहीच लिहिलेलं उरलेलं नाही, म्हणून एकही ओळ गाळू नका.

शेवटी वर्तमानपत्राबाहेर शोधा: मालकांच्या हिशेबवह्या, मृत्युपत्रं, न्यायालयांची दप्तरं. जाहिरात सँडीच्या पळण्यापाशी थांबते. तो पुढे पकडला गेला, आणि १७७३ मध्ये जेफरसन यांनी त्याला १०० पौंडांना विकलं.