अ‍ॅडमिट व्हायच्या आधी खोलीचं भाडं विचारा

लातूरला एका खासगी दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कवर मी बसते. औसा, निलंगा, अहमदपूरहून आलेली माणसं पिशवीतून पॉलिसी काढतात आणि म्हणतात, "ताई, तीन लाखांचा इमा हाय, पैशाचं टेन्शन न्हाई." तीन लाख हा आकडा पाठ असतो. आतल्या पानावरची खोलीभाड्याची मर्यादा सहसा कुणी वाचलेली नसते, आणि पैसे तिथंच कापले जातात.

बऱ्याच पॉलिसींत रोजचं खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का धरलेलं असतं. तीन लाखांना ३,००० रुपये. तुम्ही ५,००० ची खोली घेतली, तर नुकसान फक्त रोजच्या २,००० चं नाही. सर्जनची फी, भूल देणारे डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे ६० टक्केच मंजूर होतं. हा खर्च १,२०,००० झाला तर ४८,००० घरचे. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेला रॉड किंवा स्टेंट यांना ही कात्री लागत नाही. म्हणून बिलात त्यांचे आकडे वेगळे लिहून मागा. "आईला जरा चांगली खोली द्या" हे लेक मायेनंच म्हणतो, मला कळतं. पण आधी मर्यादा बघा, मग खोली.

हर्निया, मोतीबिंदू, गुडघे बदलणं यांना बहुतेक पॉलिसींत पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या शुगर-बीपीला जास्तीत जास्त तीन. अपघाताला थांबायची अट नाही. फॉर्म भरताना एजंट "शुगर कशाला लिहायची" म्हणाला तरी लिहाच. लपवलेलं केसपेपरवर निघतं आणि क्लेम नामंजूर होतो. ऑपरेशन ठरलेलं असेल तर कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीनं दवाखान्याला थेट पैसे द्यावेत यासाठीचा, अर्ज आधीच द्या. ग्लोव्हज, सिरिंजसारख्या वस्तूंचे पैसे मात्र बऱ्याचदा आपल्यालाच भरावे लागतात, तेवढी रोकड जवळ ठेवा.

विमाच नसेल तर सावकाराकडं जाऊ नका, सोयाबीन पडत्या भावात काढू नका. रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतला दवाखाना गाठा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, फक्त तुमचं ऑपरेशन योजनेच्या यादीत हवं. तिथं योजनेची मदत करणारे आरोग्यमित्र बसतात. डिपॉझिट भरायच्या आधी त्यांना भेटा. भेटले नाहीत तर १५५३८८ वर फोन लावा.