व्हॅक्यूम पॅक मटणाला वास येतोय, ठेवायचं की फेकायचं?

पाकीट कापताच भपका येतो. काही जण घाबरून सगळं फेकतात, काही जण "सावजी मसाल्यात जाईल वास" म्हणत तसंच गंजात, म्हणजे पातेल्यात टाकतात. दोन्हींत घाई आहे. व्हॅक्यूम पॅकमधल्या कच्च्या मटणाला थोडा वास असतोच. तो कोणता आणि किती वेळ टिकतो, हे बघायचं.

पाकिटातली हवा काढली की हवेवर पोसणारे, मांस सडवणारे जिवाणू मागे पडतात. त्यांच्या जागी हवेशिवाय जगणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू सावकाश वाढतात. दही लावणारे जिवाणू याच गोतातले. म्हणून वास आंबूस, ताकाकडे झुकणारा. त्यात मांसातून सुटलेल्या पाण्याचा लोखंडी वास मिसळतो. (ते लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे, मांसातलं पाणी आणि रंगद्रव्य.) हे सगळं बंद पाकिटात कोंडलेलं असतं. बोकडाचं मटण जांभळट-काळसर दिसतं तेही हवा नसल्यामुळेच. उघडं ठेवलं की 15 ते 30 मिनिटांत लाली येते. चिकनचा रंग मात्र असा पालटत नाही.

कापण्याआधी पाकीट हातात घेऊन बघा. ते मांसाला घट्ट चिकटलेलं हवं. फुग्यासारखं ताणलं असेल तर आत वायू झालाय. असं पाकीट वास घ्यायलाही उघडू नका, थेट बाद करा. काही कंपन्या मुद्दाम वायू भरून फुगीर पाकिटं करतात, पण ती व्हॅक्यूम पॅक नव्हेत आणि लेबलवर तसं लिहिलेलं असतं. पाकीट फुगलेलं नाही पण सैल आहे, तर बहुतेक हाडाच्या टोकाने बारीक भोक पडलंय. हाडासकट मटणात हे नेहमीचं. मग हवा आत गेली, आणि छापलेल्या तारखेला अर्थ उरला नाही. दुकानात घेत असाल तर दुसरं मागा. तारीख किंवा 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक, यातलं एक जरी नसेल तर घेऊच नका.

गोठलेल्या पाकिटाच्या कोपऱ्यात लाल बर्फाची जाड खपली दिसली, किंवा तुकडे एका बाजूला घसरून ढेकूळ झाले असतील, तर माल बहुधा वितळून पुन्हा गोठलाय. गावातल्या कोल्ड्रिंकच्या दुकानातला डीप फ्रीझर रात्री बंद करायची सवय असेल तर हेच होतं. गोठलेलं असताना वास कळत नाही, त्यामुळे ही खूण जास्त कामाची.

आता चाचणी. ती धुण्याआधी करा. पाणी ओतलं की वास पातळ होतो आणि जिवाणू ओट्यावर उडतात. पाकीट कापा, आतलं लाल पाणी ओतून द्या, खाली शोषणारी गादी असेल तर काढून टाका. बराचसा वास त्या गादीचाच असतो. तुकडे परातीत एका थरात पसरा आणि न झाकता फ्रीजमध्ये 20 ते 30 मिनिटं ठेवा. मे महिन्यात ओट्यावर ठेवू नका. स्वयंपाकघरच 40 अंशांवर असतं. मग कोरड्या कागदाने टिपून पुन्हा हुंगा: वरून नाही, हाडाजवळ, सांध्यात, चरबीच्या घडीत. मटण हाडापासून बिघडायला लागलं असेल तर वरचा भाग ताजा वाटतो. तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी) असलेल्या माणसाला हे काम देऊ नका, आणि सर्दी झालेल्यालाही नाही. ज्याने पहिला भपका घेतला त्याचं नाक सवयीने बोथट होतं, म्हणून दुसऱ्याला बोलवा.

आंबूस वास उरला नाही, रंग उजळला, बोटाला फक्त ओल लागली, तर मटण नासलेलं नाही. पण सडक्या अंड्याचा, अमोनियाचा, कुजका किंवा मळमळवणारा गोडसर वास अर्ध्या तासानंतरही तसाच असेल तर फेका. बोट ओढल्यावर तार निघते, टिपूनही बुळबुळ परत येते, हिरवट डाग दिसतात, यातलं एकही पुरे. नुसता तपकिरीपणा मात्र दोष नाही. व्हिनेगर, लिंबू, हळद लावून वास दाबता येतो, पण झालेला बिघाड तसाच राहतो.

चिकनला अशी मुभा कमी द्या. ते लवकर बिघडतं. उघडं ठेवल्यावरही आंबूस वास राहिला तर खाऊ नका. दही किंवा व्हिनेगर लावून आलेल्या पाकिटात नाक काहीच सांगू शकत नाही, तिथे तारीख आणि थंडावाच बघायचा. गोठलेली व्हॅक्यूम पॅक मासळी वितळवण्याआधी पाकीट कापा. वितळल्यावर हवेशिवाय आणि 3 अंशांच्या वर बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे काही जिवाणू वाढू शकतात, आणि त्यांचा वास येईलच असं नाही.

मटणाचंही तेच. साल्मोनेला, लिस्टेरिया या आजार करणाऱ्या जिवाणूंना वास नसतो, आणि लिस्टेरिया तर फ्रीजमध्येही वाढतो. म्हणून चाचणीत पास झालेलं मटणही वाटेत तापलं असेल तर खाण्यालायक नाही. 5 अंशांच्या वर एकूण 2 तास, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तास, ही मर्यादा. नागपूर-अमरावतीहून एसटीने उन्हाळ्यात पिशवीत आणलेलं पाकीट ती सहज ओलांडतं. थर्माकोलचा डबा घ्या, मटणाइतक्याच वजनाचा बर्फ खाली-वर टाका, आणि डबा इंजिनाजवळ ठेवू नका. लाईन गेली तर न उघडलेला फ्रीज साधारण 4 तास, भरलेला फ्रीझर 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास थंडी धरतो. 45 अंशांच्या दुपारी त्याहून कमीच धरा. फ्रीझरमध्ये वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं, तर मधे सगळं वितळलं होतं.

वितळवायचं फ्रीजच्या खालच्या खणात, किलोच्या गठ्ठ्याला पूर्ण एक रात्र तरी. घाई असेल तर न गळणारं पाकीट गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात कढत असतं, त्यामुळे माठातलं घेऊन बर्फ टाका. उघडलेलं मटण एक-दोन दिवसांत शिजवा. चिकन असेल तर आतून 74 अंशांपर्यंत. कुकरच्या शिट्ट्यांवर भिस्त ठेवू नका, काही जिवाणूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. घरात गरोदर बाई, लहान लेकरं किंवा म्हातारी माणसं असतील तर शंका आलेलं मटण चाखूनही बघू नका.

बाद मटण उकिरड्यावर टाकलं तर कुत्री ओढतात. दोन पिशव्यांत बांधून खोल पुरा. पाकीट, बिल आणि लेबलचा फोटो मात्र ठेवा. दुकानदार पैसे परत करायला कुरकुर करतो तेव्हा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तेच लागतात. सुरी, पाट आणि परात साबणाने घासा.