पूलमधलं शेवाळ जाता जात नाही? आधी या चुका टाळा

पन्हाळा रोड, कळंबा, गगनबावड्याकडची फार्महाऊसं, कोल्हापुरात घरचा स्विमिंग पूल ही आता काय लई नवलाची गोष्ट राहिली नाही. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेली माणसं नातवंडांना टाईल्सच्या पूलमध्ये शिकवायला लागलीत. खरं एक-दोन वळीव होऊन गेले की पाणी हिरवट दिसायला लागतं, पायऱ्यांवर पाय घसरतो, आणि मग सगळे जण एकच काम करतात, अजून क्लोरीनच्या गोळ्या टाकतात. चार दिवस बरं दिसतं, परत हिरवं. माझ्या मते खरी गडबड तिथंच आहे, म्हणून सुरुवात गोळ्यांपासूनच करू.

तरंगत्या डब्यात ठेवायच्या त्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड). त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं, त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. तो वाईट नाही, उलट उघड्या पूलला लागतोच, कारण त्याच्याशिवाय आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात क्लोरीन तासाभरात निम्मं उडून जातं. ३० ते ५० पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) असला की बास. अडचण अशी की क्लोरीन रोज संपतं आणि स्टॅबिलायझर ना उडतो ना संपतो, पाण्यात नुसता साठत जातो. २० बाय १० फुटाचा, सरासरी साडेचार फूट खोल पूल धरा, म्हणजे साधारण २५ हजार लिटर पाणी. त्यात २०० ग्रॅमची एक गोळी पूर्ण विरघळली की क्लोरीन ७ पीपीएमनं वाढतं आणि स्टॅबिलायझर ४ पीपीएमनं. दिवसाला २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर मार्च ते मे या तीन महिन्यात स्टॅबिलायझर १०० च्या वर जाऊन बसतो, आणि कुणी तो कधी मोजलेलाच नसतो.

आता गंमत बघा. शेवाळ मारायला लागणारं क्लोरीन या स्टॅबिलायझरच्या साधारण ४० टक्के ठेवावं लागतं. म्हणजे तो ३० असेल तर १२ पीपीएममध्ये काम होतं आणि १०० असेल तर ४० लागतं, तेही एकदा टाकून नाही, शेवाळ मरेपर्यंत सतत. एवढं कोण टाकणार? म्हणून पाणी तपासायच्या किटवर क्लोरीन ३ दिसतंय, पाण्याला वासही येतोय आणि शेवाळ मजेत वाढतंय. अशा वेळी गोळ्या बंद करायच्या आणि निम्मं पाणी बदलायचं, दुसरा स्वस्त उपाय नाही. आपल्याकडं तर जून-जुलैचा पाऊस हे काम थोडंफार फुकटात करतो, पातळी फूटभर खाली घ्या आणि पावसानं भरू द्या. फक्त पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. नदीकाठच्या काळ्या मातीत जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या पूलला खालून दाबतं, तळाला तडे जातात, फायबरचा पूल तर अख्खा वर उचलला जातो. ते काम लाखाच्या घरात जातंय, शेवाळ त्यामानानं स्वस्त.

शॉक द्यायला, म्हणजे शेवाळ मारण्याइतकं क्लोरीन एकदम चढवायला, मग साधी ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा. ताज्या ब्लीचिंगमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, त्यामुळे वरच्या २५ हजार लिटरला १० पीपीएम चढवायला ८०० ग्रॅमच्या पुढं लागते. खरं गेल्या वर्षीचं उघडं पोतं असेल तर त्यात नुसता चुनाच उरलेला असतो, ते टाकून पाणी दुधासारखं होतं आणि शेवाळ तसंच. पावडर प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात टाकून ढवळायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आणि हे दोनदा वाचा: टीसीसीए गोळ्या आणि ब्लीचिंग एका डब्यात, एका मगात कधीच एकत्र करू नका, आग लागू शकते. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी क्लोरीन गॅस होतो. गड्याच्या हातात दोन्ही देऊन आपण चहाला गेलो असं करू नका.

शॉकच्या आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते माप, ७.२ च्या जवळ आणा. ८ च्या वर असेल तर क्लोरीनचा जेमतेम पाव भाग ताकदीचा राहतो, ७.२ ला दोनतृतीयांश. आधी का, तर क्लोरीन एकदा वर गेलं की पीएचचे थेंब भलताच जांभळा रंग दाखवतात आणि पीएच जास्त आहे असं समजून माणूस उगाच ॲसिड ओतत बसतो. किटचंही तसंच. पिवळा रंग येणारं स्वस्तातलं किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं मोकळं, म्हणजे अजून कामाला शिल्लक, किती ते कळत नाही. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. त्यातही एक खोच आहे, क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच पांढरा पडतो आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं. तेव्हा नमुन्यात साधं पाणी मिसळून परत बघा.

दुपारी बाराला शॉक देणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं, सूर्य मावळल्यावर द्या. त्याआधी ब्रश मारा, न चुकता. शेवाळावर बुळबुळीत थर असतो, तो फोडल्याशिवाय क्लोरीन आत जात नाही. काळे ठिपके असतील तर ते सिमेंटच्या आणि टाईल्सच्या सांध्यात रुतलेले असतात, सिमेंटला तारेचा ब्रश चालतो, टाईल्स आणि फायबरला नायलॉनचाच. सावलीतल्या भिंतीवर पिवळसर धूळ बसल्यासारखं दिसतंय, हात लावला की उडतंय आणि दोन दिवसात परत येतंय, तर तेही शेवाळच. ते शिडीच्या मागं, लाईटच्या खोबणीत, पोरांच्या ट्यूबवर, ब्रशवर लपून बसतं, ते सगळं पण धुवायला लागतं.

लाईट बिलाच्या भीतीनं फिल्टर दोन तास चालवायचा आणि बंद करायचा, हे शॉकच्या दिवसात नाही चालत. रात्रंदिवस चालू ठेवा, प्रेशर स्वच्छ असतानाच्या काट्यापेक्षा ८-१० पीएसआय वर गेलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. मेलेलं शेवाळ करड्या गाळासारखं तळाला बसतं, ते व्हॅक्यूमनं फिल्टरमधून न फिरवता सरळ बाहेर सोडा. तुरटी टाकणार असाल तर पंप बंद करून, रात्रभर पाणी निवळू देऊन, सकाळी गाळ ओढून बाहेर, चालू फिल्टरवर तुरटी टाकली की वाळूचा गठ्ठा होतो.

कृषी सेवा केंद्रातून मोरचूद (कॉपर सल्फेट) आणून टाकणारे पण आहेत. शेवाळ मरतं, नाही असं नाही, खरं तांबं पाण्यात राहतं, भिंतीवर डाग पडतात आणि पांढऱ्या केसांच्या आजोबांचे केस हिरवट होतात (हसू नका, खरंच होतात). आणि पाणी हिरवं असूनही तळ लख्ख दिसत असेल तर ते शेवाळ नसेलच, तांबं किंवा बोअरचं लोह असेल. बोअरच्या बादलीभर पाण्यात चिमूटभर ब्लीचिंग टाका, चहासारखा रंग आला तर लोह समजा. तिथं शॉक देऊन काही उपयोग नाही. शेजारी उसाचं रान असेल तर पावसात खताचं पाणी पूलमध्ये येऊ नये म्हणून कडेला चर मारा, नायट्रेट-फॉस्फेट मिळालं की शेवाळाची दिवाळीच.

संपलं कधी म्हणायचं? अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, सकाळी ऊन यायच्या आधी परत मोजा. १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं असेल तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे, पाणी कितीही निळं दिसू दे, शॉक चालू ठेवा. घट १ च्या आत आली आणि तळाची जाळी वरून स्पष्ट दिसायला लागली की मग थांबा, क्लोरीन नेहमीच्या पातळीला उतरू द्या आणि तोपर्यंत सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या पोरांना कळंबा तलावावर फिरवून आणा.